पंडिता रमाबाईंना जगण्याचं कारण कुठे सापडलं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचे इअरफोन आजच तुटलेत, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जिथे अडखळले तेवढं काढलंय. बाकी जसं बोलले तसंच आहे.

दोन आठवड्यांपूर्वी एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. रात्री पावणेदोनला पाठवलेला. म्हणाला, "ताई, सगळे म्हणतात आपला पर्पज शोध. पण शोधायचा म्हणजे नक्की कुठे शोधायचा? आणि सापडला हे कळतं कसं?" मी तो मेसेज तीनदा ऐकला आणि उत्तर दिलं नाही. कारण गेल्या वर्षी नोकरी सोडली तेव्हा मीही हेच विचारत फिरत होते, आणि ज्याला विचारावं तो एखादी रील पाठवायचा.

तर आज एका बाईची गोष्ट सांगते. तिने हा प्रश्न घेऊन अक्षरशः अख्खा हिंदुस्थान पायी तुडवला. तिला उत्तर ख्रिस्ती श्रद्धेत मिळालं. आधीच सांगते, मी ख्रिस्ती घरातली नाही आणि कुणाला काही पटवून द्यायला बसलेली नाही. पण या बाईचं आयुष्य सांगायचं आणि तिची श्रद्धा बाजूला ठेवायची, हे जमत नाही. आपल्या शाळेच्या पुस्तकांत तेच व्हायचं. "स्त्रीशिक्षणासाठी कार्य केले" असं एक वाक्य, खाली फोटो, पुढचा धडा.

पंडिता रमाबाई. जन्म २३ एप्रिल १८५८, आजच्या कर्नाटकात, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे, चित्पावन ब्राह्मण, मोठे संस्कृत पंडित. अनंतशास्त्रींच्या गुरूंनी पेशव्यांच्या घरातल्या बाईंना संस्कृत शिकवलेलं त्यांनी पाहिलं होतं, आणि तेव्हाच त्यांच्या डोक्यात बसलं की आपणही बायकोला शिकवायचं. शिकवलं. मग समाजाने शिव्या घातल्या, धर्मपीठापुढे जाब द्यावा लागला, आणि शेवटी ते रानात जाऊन राहिले. त्या आईने रमाबाईंना शिकवलं, पहाटे उठवून, पाठांतर करून घेत. पंधरा-सोळाव्या वर्षी मुलीला भागवत तोंडपाठ. अठरा हजार श्लोक! आपल्याला स्वतःच्या आईचा मोबाईल नंबर पाठ नसतो.

रमाबाई तान्ह्या असतानाच हे कुटुंब घर सोडून निघालं. तिला वेताच्या पेटीत घालून माणसाच्या डोक्यावरून डोंगराखाली आणलं, असं तिने स्वतःच लिहून ठेवलंय. पुढे वर्षानुवर्षं एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाला. देवळात पुराण सांगायचं, लोक देतील त्या शिध्यावर जगायचं. मजुरी करायची नाही, व्यापार करायचा नाही. देवावर भरवसा.

मग दक्षिणेतला दुष्काळ आला, १८७४ ते १८७७ या काळातला. होतं नव्हतं ते विकून झालं, दानधर्मात गेलं, व्रतं-अनुष्ठानं झाली. शेवटी तिरुपतीजवळच्या रानात ही माणसं मरायलाच गेली. अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर. म्हातारे वडील, दृष्टी जवळजवळ गेलेली, जलसमाधी घ्यायला निघाले. तेव्हा भाऊ श्रीनिवास म्हणाला की मी मजुरी करतो. पंडिताच्या मुलाने हमाली करायची, हे त्या घरात तोवर कुणाच्या मनातही आलं नव्हतं. पण उशीर झाला होता. वडील गेले. जाताना त्यांनी धाकट्या लेकीला सांगितलं की मी तुला देवाच्या हाती दिलंय, तू त्याचीच आहेस, त्याचीच सेवा कर.

थोड्याच काळात आई गेली. खांदा द्यायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ, चौथी रमाबाई. उंची कमी, खांदा पुरेना. तिने आईचा भार डोक्यावर घेतला आणि स्मशान गाठलं. नंतर मोठी बहीणही गेली. रमाबाई तेव्हा जेमतेम सोळा-सतरा वर्षांची होती.

आता विचार करा. वडिलांनी सांगितलंय, देवाची सेवा कर. आणि ज्या देवाच्या नावाने घरातला शेवटचा दाणासुद्धा दान केला, त्याच्या दारात सगळं घर उपाशी मेलंय. मग सेवा कुणाची करायची, कशी करायची? त्या मुलाचा पावणेदोनचा मेसेज ऐकताना मला हीच मुलगी आठवत होती.

बहीण-भाऊ पुढे हजारो मैल चालले, पार काश्मीरपर्यंत. १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेतली, थक्क झाले, "पंडिता" आणि "सरस्वती" या पदव्या दिल्या. रातोरात नाव झालं. याच कलकत्त्यात तिने पहिल्यांदा ख्रिस्ती लोकांची प्रार्थना पाहिली, आणि तो प्रसंग भारी गमतीचा आहे. सगळे आपापल्या खुर्चीकडे तोंड करून गुडघे टेकून बसले. हिला वाटलं, हे लोक खुर्चीची पूजा करतात की काय! तिथे कुणीतरी संस्कृत बायबल हातात दिलं. ते वाचून काही कळलं नाही, असंही तिने प्रामाणिकपणे लिहिलंय. म्हणजे दिव्य प्रकाश वगैरे काही पडला नाही.

कलकत्त्यातच तिला धर्मशास्त्रं नीट वाचायला मिळाली. नंतर तिने लिहिलं की या ग्रंथांचं आपसांत कशावर एकमत नाही, पण एका गोष्टीवर आहे. बाई हलकी, आणि बाईला बाई म्हणून मोक्ष नाही. पुढच्या जन्मी पुरुष हो, मग बघू. हे तिचं वाचन होतं, आणि त्यावर वाद घालता येईल. आपल्याकडे जनाबाई आहे, बहिणाबाई आहे, मुक्ताबाई आहे. पण रमाबाई वाढली ती ग्रंथांत आणि तीर्थांत. त्या जगात तिला दिसलं ते हे.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, लग्न कायद्याने नोंदवून. संसार आसामात सिल्चरला. तिथे घरातल्या पुस्तकांत तिला बंगालीतलं लूककृत शुभवर्तमान सापडलं. वाचत बसली. नवऱ्याला ते फारसं आवडलं नाही. १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा. आणि १८८२च्या फेब्रुवारीत नवरा कॉलऱ्याने गेला. वय वर्षं तेवीस, कडेवर दहा महिन्यांची पोर.

ती पुण्याला आली. आर्य महिला समाज काढला, "स्त्रीधर्मनीति" हे पुस्तक लिहिलं, हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन सांगितलं की इथे बायकांना बाई डॉक्टर हवी, बाई शिक्षक हव्या. स्वतः डॉक्टर व्हायचं म्हणून पुस्तकाच्या पैशांवर १८८३ मध्ये इंग्लंडला गेली. कानांनी दगा दिला. ऐकू कमी येत होतं, त्यामुळे डॉक्टरकी राहिली.

इंग्लंडमध्ये ती वाँटेज या गावी अँग्लिकन सिस्टरांच्या मठात उतरली. तिथून तिला काही दिवस लंडनला, फुलहॅमच्या त्यांच्या शाखेत पाठवलं. तिथे तिने जे पाहिलं, तिथेच या गोष्टीचं वळण आहे असं मला वाटतं. ज्यांना आपल्याकडे "वाया गेलेल्या" म्हणत, अशा बायका तिथे राहत होत्या. आणि कधीकाळी तशाच असलेल्या काही बायका आता आजाऱ्यांची शुश्रूषा करत होत्या, मान ताठ ठेवून. रमाबाईने असं काही आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिच्या ओळखीच्या जगात अशा बाईला कुत्र्यासारखं हाकलत. तिने शिकवणाऱ्या सिस्टरला विचारलं, तुम्ही हे का करता? यांची काळजी कशासाठी?

सिस्टरने उत्तरादाखल योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. येशू आणि शोमरोनी स्त्री.

गोष्ट थोडक्यात अशी. भर दुपारी येशू दमून एका विहिरीवर बसलाय. एक बाई पाणी भरायला येते. ती शोमरोनी, आणि यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नाहीत. बाईचे पाच नवरे झालेत, आता जो आहे तो नवरा नाही. येशू तिच्याकडे पाणी मागतो. पाणवठा म्हणजे काय, कुणी कुणाच्या हातचं पाणी प्यायचं आणि कुणी नाही, हे महाराष्ट्रात वेगळं समजावायची गरज नाही. पुढे ती बाई त्याला थेट धर्माचा प्रश्न विचारते. आमचे लोक या डोंगरावर भजतात, तुमचे म्हणतात यरुशलेमातच भजायला हवं, खरं कुठलं? आणि तो सांगतो की अशी वेळ येत आहे, जेव्हा हा डोंगरही नाही आणि यरुशलेमही नाही, खरे भक्त आत्म्याने आणि खरेपणाने भजतील.

रमाबाईने लिहिलंय की ही गोष्ट ऐकून तिला पटलं, बायकांना वर उचलणारा कुणी असेल तर तो हाच. मला मात्र त्या दुसऱ्या भागाचंही वाटतं. हा डोंगर की ते शहर? सगळं लहानपण तीर्थामागून तीर्थ चालण्यात गेलेली, त्या वाटेवर आई-बाप गमावलेली बाई हे ऐकतेय. तिच्या पायांना ते किती लागलं असेल! हा माझा अंदाज, तिने तसं म्हटलेलं नाही.

२९ सप्टेंबर १८८३ला तिने आणि मनोरमाने बाप्तिस्मा घेतला. त्याच्या थोडं आधी, तिच्यासोबत हिंदुस्थानातून आलेली मैत्रीण आनंदीबाई भगत हिने तिथेच आत्महत्या केली होती. धर्मांतराची भीती त्यामागे होती असं सांगतात. आनंदाचा, सगळं मार्गी लागल्याचा तो काळ नव्हता हे लक्षात राहू दे.

इकडे गदारोळ उठला. महात्मा फुल्यांनी मात्र "सत्सार"मध्ये तिची बाजू घेतली. आणि तिकडे? तिकडे वेगळीच लढाई सुरू झाली, आणि ती मला फार आवडते. बाई ख्रिस्ती झाली, पण चर्च सांगेल ते मुकाट ऐकेना. त्रैक्याचा सिद्धांत पटत नाही म्हणाली. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, मला कळणारं संस्कृत असू दे म्हणाली. अंडं घातलेलं पुडिंग खायला नकार. सिस्टर जेराल्डिन, जिला रमाबाई आईसारखी मानायची, ती वैतागून पत्रं लिहायची की हा जुन्या जातीचा गर्व आहे, नम्रता शीक. रमाबाई उलट लिहायची की एवढ्या कष्टाने एका पुरोहितशाहीतून सुटले, आता दुसऱ्या पुरोहिताच्या हुकमात का जाऊ? चेल्टनहॅमच्या कॉलेजात ती शिकत होती आणि संस्कृत शिकवतही होती. तिने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचा विषय निघाला, तर बिशपांनीच हरकत घेतली. आता बोला!

१८८६ मध्ये ती अमेरिकेला गेली, डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला. ११ मार्च १८८६, फिलाडेल्फिया. तिथेच पुस्तक लिहिलं, भाषणं दिली, पैसा उभा केला. आणि बरोबर तीन वर्षांनी, ११ मार्च १८८९ला मुंबईत चौपाटीजवळ विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं. पहिल्या विधवा विद्यार्थिनीचं नाव गोदूबाई. पुढे धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून ती बाया कर्वे झाली. सदन १८९० मध्ये पुण्याला आलं.

आता अवघड भाग. शारदा सदनात धर्म शिकवायचा नाही, असं ठरलं होतं. म्हणूनच रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळात होती. काही मिशनऱ्यांचीच उलट तक्रार होती की ही ख्रिस्ती असून ख्रिस्ताचं नाव का काढत नाही. पण १८९१च्या सुमाराला रमाबाईच्या आत काही बदललं. तिने नंतर लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं तिच्याकडे ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. डोक्याने पटलेलं होतं, आता ते स्वतःचं झालं. ती खोलीचं दार उघडं ठेवून प्रार्थना करायची, मुली येऊन बसायच्या, काहींना बाप्तिस्मा घ्यावासा वाटू लागला. "केसरी"ने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या.

रमाबाईचं म्हणणं होतं, मी कुणाला बोलावलं नाही, पण स्वतःच्या खोलीत स्वतःच्या देवाशी बोलताना दार का लावू? मला तिच्याबद्दल कितीही प्रेम असलं तरी इथे पालकांचीही बाजू दिसते. ज्या मुलीला दुसरीकडे कुठेच आसरा नाही, तिला आसरा देणाऱ्या बाईचा देव आपलासा वाटणारच. तिथे "मी बोलावलं नाही" हे उत्तर पुरत नाही. त्याच वेळी हेही खरं की ओरडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या विधवांसाठी तोवर एक खोलीसुद्धा उघडली नव्हती.

हे सगळं इथेच संपलं असतं तर रमाबाई एक वादग्रस्त शाळा चालवणारी बाई म्हणून राहिली असती. पण १८९६ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला.

मध्य प्रांतातल्या बातम्या आल्या आणि तिला स्वतःचा दुष्काळ आठवला, वीस वर्षांपूर्वीचा. हातात पैसा नव्हता. ती निघाली. तिथल्या अन्नछत्रांत, कामाच्या छावण्यांत हाडांचे सापळे झालेल्या मुली होत्या, आणि त्यांना गोळा करायला आलेले दलालही होते. तिने मुली उचलून आणायला सुरुवात केली. त्या फेरीत तीनशेच्या आसपास आणल्या. पुण्यात प्लेगची साथ, शहरात एवढ्या जणींना ठेवू देईनात. मग पुणे-दौंड मार्गावर केडगावला तिने आधी घेऊन ठेवलेल्या शेतजमिनीवर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. (नगरजवळचं केडगाव वेगळं. मी पहिल्यांदा मॅपवर तेच लावलं होतं.) तिने या जागेला नाव दिलं, मुक्ती. जो मोक्ष बाईला मिळत नाही असं तिने ग्रंथांत वाचलं होतं, त्याच अर्थाचा शब्द तिने फाटकावर लावला.

१९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला आणि केडगावची संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या माणसांचं रोजचं जेवण म्हणजे काय, विचार करा. विहिरी खणल्या. मुली शेती करायच्या, तेल गाळायच्या, कापड विणायच्या, छापखान्यात खिळे जुळवायच्या. आंधळ्या मुलींना मनोरमा ब्रेल शिकवायची. आणि तिथे एक वेगळं घर बांधलं, कृपा सदन, समाजाने "पतित" म्हणून टाकलेल्या बायकांसाठी. फुलहॅमला सिस्टरला विचारलेल्या प्रश्नाला साधारण सोळा-सतरा वर्षं झाली होती.

मी मागच्या महिन्यात केडगावला जाऊन आले. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीने तास-दीड तास. खिडकीतून ऊस दिसत होता, आणि मी हिशोब करत होते. सोळाव्या वर्षी प्रश्न पडला, पंचविसाव्या वर्षी बाप्तिस्मा, तेहेतिसाव्या वर्षी "आता ख्रिस्त सापडला", अडतिसाव्या वर्षी दुष्काळातल्या मुली. मग यातल्या कुठल्या दिवशी तिला जगण्याचं कारण सापडलं म्हणायचं? मला वाटतं, फुलहॅमला तिला कळलं की असं जगता येतं. पण त्याचं काम काय, हे तिला अडतिसाव्या वर्षी कळलं, आणि तेसुद्धा स्वतःच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट आठवणीतून. वडिलांनी ज्या हातांत सोपवलं होतं त्यांची सेवा म्हणजे उपाशी मुलीच्या ताटात भाकरी, हे तिच्यासाठी येशूमुळे जुळलं. दुसऱ्या कुणाचं दुसऱ्या वाटेने जुळत असेल. तिचं असं जुळलं, आणि तिने ते कधी लपवलं नाही.

शेवटची बरीच वर्षं ती एका कामाला चिकटून होती. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर. उपलब्ध मराठी बायबल तिच्या मुलींना जड जायचं, संस्कृत शब्दांनी भरलेलं. जिला अठरा हजार श्लोक पाठ, ती बाई म्हातारपणी संस्कृत शब्द खोडत बसली होती, जेणेकरून स्वयंपाकघरातल्या मुलीलाही वाचता यावं. छपाई तिथल्याच बायका करत होत्या.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, चाळिशीची. आईनंतर सगळं तीच बघणार होती. रमाबाई परत भाषांतराला बसली, ते हातावेगळं केलं, आणि ५ एप्रिल १९२२ला गेली.

त्या श्रोत्याला मी अजून उत्तर पाठवलेलं नाही. हा भाग अपलोड झाला की लिंक पाठवते, तेच उत्तर समज रे. पुढच्या भागात गोदूबाईंची गोष्ट, म्हणजे बाया कर्वे. शारदा सदनातून बाहेर पडल्यावर त्यांनी लग्न केलं आणि गावाने काय केलं, ते. तोवर भेटूच.